एक सूत्र, दोन खनिजं

प्रश्न : रशियातल्या कामचाटकात तोलबाचिक ज्वालामुखीवर सापडलेल्या एरिकलाक्समनाइट आणि कोझिरेव्स्काइट या खनिजांविषयी वाचलं. दोन्ही तांब्याची आर्सेनेटं (तांबं, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांची संयुगं), दोन्ही हिरवी, सूत्रही तंतोतंत एक. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, दगड जमवायचा नाद आहे. सूत्र एक तर नावं दोन कशाला? संशोधकांनी आपली यादी फुगवली म्हणायची का? आणि उद्या मला असं काही सापडलं, तर माझं नाव देता येईल?
– एक वाचक, जालना

उत्तर : रसायनशास्त्रवाल्यांची ही जुनी खोड! बाटलीवर सूत्र चिकटवलं की पदार्थ ओळखला. खनिजाला तेवढं पुरत नाही. त्यातले अणू कसे रचलेत, तेही बघावं लागतं.

तोलबाचिकचा मोठा उद्रेक १९७५-७६ मधला. त्यातून उभ्या राहिलेल्या शंकूंवरच्या भेगांतून कित्येक दशकांनंतरही शेकडो अंश तापलेले वायू बाहेर पडतात. अशीच एक भेग मॉस्को विद्यापीठाचे इगोर पेकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१२ मध्ये सापडली. आर्सेनेटांची तिथे एवढी रेलचेल, की तिचं नावच ‘आर्सेनातनाया’ पडलं. तुमची जोडगोळी तिथलीच. तांब्याचे चार अणू, आर्सेनेटचे दोन गट आणि आर्सेनिकशी न जोडलेला एक सुटा ऑक्सिजन, हे दोघांचं सूत्र.

स्फटिक मिलिमीटरच्या अंशाएवढे. पॉलिश केलेल्या कणावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला की कोणतं मूलद्रव्य किती, ते कळतं. (हायड्रोजन मात्र त्याला दिसत नाही. म्हणून पाणीवाल्या आर्सेनेटांत पाणी वेगळ्या वाटेनं शोधावं लागतं. या दोघांत ती कटकट नव्हती.) पण हा झोत अणूंची मांडणी सांगत नाही. ती क्ष-किरण सांगतात. एकच स्फटिक फिरवत त्यावर क्ष-किरण टाकायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून मांडणी काढायची. इथे एरिकलाक्समनाइटच्या एकक कोशाचे (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान चौकटीचे) तिन्ही कोन तिरके निघाले, कोझिरेव्स्काइटचे तिन्ही काटकोन. म्हणजे खनिजं दोन. यादी फुगवल्याचा आरोप मला मान्य नाही.

असं उदाहरण बघायला कामचाटकाला जायलाही नको. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट तुमच्या संग्रहात असेलच. त्याचं आणि पेंटागोनाइटचं सूत्र एकच आहे. कॅव्हनसाइटमध्ये सिलिकेटच्या (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या) चार-चार आणि आठ-आठ गटांची कडी, पेंटागोनाइटमध्ये सहा-सहांची. दोन्ही वाघोलीत मिळतात. तिथे कुणी एका नावावर भागवत नाही. विकणारे तर मुळीच नाही!

क्ष-किरणांवर काम संपत नाही. रंग, चमक, कठीणपणा, प्रकाशीय गुणधर्म हे सगळं नोंदवायचं. कण तोलता येण्याएवढा नसला, तर घनता गणितानं काढायची. मग आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या नव्या खनिजांच्या आयोगाकडे प्रस्ताव जातो आणि सदस्य मतदान करतात. या दोघांना २०१३ मध्ये मान्यता मिळाली आणि सविस्तर वर्णन २०१४ मध्ये छापून आलं. मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, उद्या कुणाला शंका आली तर पुन्हा तपासता यावा म्हणून. हे नमुने मॉस्कोच्या फेर्समन संग्रहालयात आहेत. घरच्या कपाटात ठेवून भागत नाही, हे तुम्हा संग्राहकांना जड जाणार.

आता नाव. स्वतःचं देता येत नाही. दुसऱ्या हयात माणसाचं द्यायचं, तर त्याची संमती लागते. एरिक लाक्समन हा अठराव्या शतकात सायबेरिया पालथा घालणारा निसर्गअभ्यासक, इवान कोझिरेव्स्की कामचाटकाचा शोधप्रवासी. आजोबांचं नाव सुचवायचा विचार असेल, तर आयोगाला पटेल असं कारण आधी शोधून ठेवा.

हिरवा-पिवळा अनोळखी तुकडा हाती लागलाच, तर तो धुऊ नका. काही आर्सेनेटं पाण्यात विरघळतात. आम्हा भूशास्त्रवाल्यांना दगड जिभेला लावून बघायची सवय असते, तीही इथे नको. कोरड्या डबीत ठेवा, खाणीचं नाव आणि नेमकी जागा त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा, आणि क्ष-किरण यंत्र असलेल्या भूशास्त्र विभागाकडे न्या.