ऐन वाढदिवसाच्या तोंडावर मुलीला कांजिण्या आल्या. ठरलेल्या समारंभाचे काय करावे?

आपण लिहिले आहे की मुलीचा सहावा वाढदिवस येत्या रविवारी आहे, सिंहगड रस्त्यावरचा हॉल ठरला आहे, वर्गातील पंचवीस मुलांना आमंत्रणे गेली आहेत आणि काल तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. घरात दोन वर्षांचा धाकटा भाऊही आहे. समारंभ आठवडाभर पुढे ढकलावा का, असे आपण विचारता. माझ्या मते समारंभ आठवडाभर नव्हे, चांगला महिनाभर पुढे न्यावा आणि वाढदिवस मात्र रविवारीच, घरात करावा.

महिनाभर म्हणण्याचे कारण धाकटा आहे. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत होत असतो आणि संसर्ग झाल्यावर पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात. मुलगी बरी होऊन शाळेत जाऊ लागेल, नेमक्या त्याच सुमारास भावाच्या अंगावर फोड दिसू शकतात. एकदा मोडलेला बेत मूल सोसते. दुसऱ्यांदा मोडला की त्याचा मोठ्यांच्या शब्दावरचा विश्वास उडतो. भावाला कांजिण्यांची लस दिलेली नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना आजच फोन करा, कारण संपर्कानंतर पहिल्या ३ ते ५ दिवसांत दिलेल्या लशीने आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते.

पालकांना निरोपही आजच आणि आजाराचे नाव घेऊन कळवा. ‘तब्येत बरी नाही’ एवढे पुरेसे नाही. पुरळ दिसण्याआधी ती वर्गात आणि रिक्षाकाकांच्या रिक्षात त्याच मुलांच्या शेजारी बसली असणार, आणि एखाद्या घरात गरोदर आई किंवा कर्करोगावर उपचार घेणारे आजोबा असतील, तर त्यांना हे वेळेवर समजणे अत्यावश्यक आहे. हॉलवाल्यांकडे पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागा, ती तुलनेने सहज मिळते, आणि ती लेखी घ्या. केक अर्ध्या किलोचा करून घ्या.

आता रविवार. सकाळी नेहमीप्रमाणे औक्षण करा. अंगावर कांजिण्या असताना तळण आणि फोडणी नको, असे घरातील वडीलधारे म्हणत असतील, तर त्यावर वाद घालू नका. तोंडात फोड आलेल्या मुलीला तसेही तिखट-तळलेले गिळवत नाही. मऊ शिरा, दहीभात, गार खीर यांपैकी काय हवे ते तिलाच ठरवू द्या, कारण इतके सगळे हातातून गेल्यावर एखादा निर्णय तरी तिचा असावा. मेणबत्ती तिने स्वतःच्या तुकड्यावरच विझवावी, उरलेल्या केकवर फुंकर नको. संध्याकाळी इमारतीतील मैत्रिणींना खाली आवारात उभे राहायला सांगा आणि तिला गॅलरीत आणा. खालून गाणे म्हटले की तिला ते पुरेसे वाटते. पंचवीस मुलांच्या व्हिडिओ कॉलमध्ये कोणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तो टाळावा. आणि फोटोचा आग्रह धरू नये: चेहऱ्यावर खाज शमवणाऱ्या कॅलामाइन लोशनचे गुलाबी ठिपके असताना कोणाला दिसायचे, हे सहा वर्षांच्या मुलीलाही ठरवता येते.

‘मग माझा वाढदिवस झाला की नाही?’ असे ती विचारेल. आपल्याकडे याची आयती सोय आहे, ती तिथीची. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि अधून मधून अधिक महिना येतो, म्हणून तिथीचा वाढदिवस तारखेच्या कधी आधी येतो, कधी नंतर. कालनिर्णयात पाहा, यंदा तिथी पुढे असेल, तर त्या दिवशी आजीच्या हातचे दुसरे औक्षण आणि श्रीखंड ठरवून टाका. मागे पडली असेल, तर ओढूनताणून जुळवू नका, ‘वाढदिवस आज, पार्टी अमुक तारखेला’ असे सरळ सांगून ती तारीख तिच्याच हाताने दिनदर्शिकेवर लिहून घ्या.

ती तारीख निवडताना शाळेचे वेळापत्रक समोर ठेवा. वार्षिक परीक्षा आटोपल्या की निम्मी मुले आजोळी जातात. महिना उलटून तारीख सुट्टीत पडत असेल, तर हॉल सोडून द्या आणि जी चार-पाच मुले पुण्यात असतील, त्यांना पेशवे उद्यानात न्या. तेथील फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून मुलांना फिरवते आहे; फक्त ती त्या दिवशी चालू आहे ना, याची आधी चौकशी करा.