‘व्ह्यूज येत नाहीत, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का?’

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेली माणसं एकमेकांपासून फार वेगळी होती. घरून केक विकणारी गृहिणी होती, स्पर्धा परीक्षेचे क्लास घेणारे सर होते, निवृत्तीनंतर किल्ल्याचा इतिहास सांगणारे आजोबा होते आणि कॉलेजातली मुलं तर कितीतरी. वाक्य मात्र जवळपास तेच. "ताई, मनापासून करतेय, नियमित टाकतेय, पण कुणी बघतच नाही. माझ्यातच काही कमी असेल का?"

या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. काम लोकांपर्यंत कसं पोचवायचं, हा पहिला. त्याची उत्तरं देणारे शेकडो व्हिडिओ मिळतात. दुसरा प्रश्न स्वतःच्या किमतीचा. त्याला कुणी हात लावत नाही, आणि रात्री दोनला माणूस जागा असतो तो या दुसऱ्यामुळे. मृण्मयीची हकीकत त्यासाठीच सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे आलं आहे.

मृण्मयी पंचविशीची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुनं घर, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. लहानपणापासून ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं, शिकलेली. ग्वाल्हेरात गाणं शिकणाऱ्या मुलीच्या खांद्यावर काय असतं, ते बाहेरच्यांना थोडं सांगावं लागेल. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ-हस्सू खाँचं हे गाव. तानसेनाची समाधी इथेच, हजिऱ्याला. दर डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. पंडित कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. २०२३ मध्ये युनेस्कोने शहराला संगीतासाठी ‘क्रिएटिव्ह सिटी’ म्हटलं. अशा गावात चांगलं गाणारी मुलं पुष्कळ आणि मैफिली थोड्या. तेव्हा आपलं गाणं मोबाइलवरून गावाबाहेर न्यावं असं तिला वाटलं, यात मला काहीही गैर दिसत नाही. हे मी तिच्या आईलाही पहिल्याच दिवशी सांगितलं.

कारण आधी बोलल्या त्या आईच. "हिला जरा समजवा हो. जेवताना फोन, देवापुढे बसली तरी फोन. रियाज निम्म्यावर आलाय. तिकडे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की इकडे घरात दोन दिवस अबोला." त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि आम्ही दोघी बोलायला लागलो.

"रील टाकल्यावर काय होतं?"

"पहिला तासभर मला दुसरं काही सुचतच नाही, ताई. बघायचं, ठेवायचं, परत बघायचं."

"आणि आकडा कमी दिसला की मनात काय येतं? कसं वाटतं ते नंतर. मनात उमटतं ते वाक्य सांग."

ती थांबली. मग म्हणाली, "की माझा आवाज सामान्य आहे. ज्यांच्या गळ्यात दम असतो त्यांना लोक ऐकतातच."

हे वाक्य मी कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवलं. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची आहे, हे मी लपवत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली आणि मानसोपचारक कि. मो. फडक्यांनी ती मराठी माणसाच्या घरात नेली. घटना आणि दुःख यांच्यामध्ये आपण मनाशी म्हटलेलं एक वाक्य असतं, ते शोधून तपासावं, एवढंच मी करते. मृण्मयीचं वाक्य सापडलं होतं. तपासायचं बाकी होतं.

पुढच्या भेटीत तिने मला दोन रीलं दाखवली. एकात सिनेमातलं गाजलेलं गाणं आणि त्याला जोडलेली जलद सरगम. बघणारे लाखाच्या वर. दुसऱ्यात हमीर रागातला छोटा ख्याल. बघणारे हजारही नाहीत. मला गाण्यातलं शास्त्र फारसं कळत नाही, पण दुसरं ऐकताना मी मान खाली घालून ऐकत राहिले, हे तिनेही पाहिलं असणार. "गुरुजी काय म्हणतात?" मी विचारलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणतात, हल्ली तू सगळं तानेपासून सुरू करतेस. स्थायी कुठे गेली?"

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. ग्वाल्हेर गायकीत स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, आधी पुरते, स्वच्छ मांडायचे आणि मग बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करायची, ही शिस्त. तान, म्हणजे सुरांची जलद लड, त्यानंतरची. भारतात २०२० च्या जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आली तेव्हा मर्यादा पंधरा सेकंदांची होती. पुढे ती दीड मिनिटावर आणि २०२५ मध्ये तीन मिनिटांवर गेली. तरी पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर तो सरकला, हे कायम आहे. त्या दोन-तीन सेकंदांसाठी ही मुलगी गाणं उलटं गायला शिकत होती. रील तसं असायला माझी हरकत नाही. पण पहाटेचा रियाजही तसाच होऊ लागला होता.

मग तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी तिला विचारलं, "सकाळी बसतेस तेव्हा सा लागला, हे कशावरून कळतं?"

तिला प्रश्नच गमतीचा वाटला. "तानपुऱ्यावरून. मिसळला की कळतंच ना, ताई."

"तेव्हा ऐकायला कोण असतं?"

"कुणीच नाही. आई आत कामात असते."

"मग एखाद्या दिवशी शेजारपाजारचे वीस जण येऊन बसले, तर तोच सा जास्त खरा होईल?"

"नाही. असं कसं होईल?"

"आणि कुणी नाहीच आलं तर कणसूर होईल?"

यावर ती बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसली. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, पण ते मी दिलं असतं तर माझं झालं असतं, तिचं झालं नसतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "म्हणजे सूर तपासायला मी तानपुरा खाली ठेवून मोबाइल घेऊन बसले होते." आणि मग रडली. खूप दिवसांनी मोकळं रडली, असं तीच नंतर म्हणाली.

या कामात असे क्षण रोज येत नाहीत. आला की मला त्याचं समाधान वाटतं, आणि त्यातून माझीही समज पक्की होत जाते. आकड्याने माणूस खचत नाही. ‘गाणं चांगलं आहे का?’ हा प्रश्न तो चुकीच्या ठिकाणी विचारतो, तिथून उत्तर येत नाही, आणि त्या शांततेलाच तो नकार समजतो. केकवाल्या ताईंचंही हेच होतं, क्लासच्या सरांचंही. केक जमला का, हे चाखणारा सांगतो. मुलाला गणित समजलं का, हे मुलाची वही सांगते.

अर्थात एवढ्यावर प्रश्न संपला नाही. पुढच्या वेळी मृण्मयी दुसऱ्या टोकाला गेली होती. "आता मी आकडे बघणारच नाही. अकाउंटच बंद करून टाकते." मी तिला थांबवलं. ‘लोकांनी मला ऐकलंच पाहिजे’ हा जसा हट्ट, तसाच ‘मला कुणाची गरजच नाही’ हाही हट्टच. गाणाऱ्याला ऐकणारे हवेसे वाटणार, त्यात लाजण्यासारखं काय आहे? हवेसे वाटू देत. ते आले नाहीत तर वाईटही वाटू दे. वाईट वाटलं म्हणून आपण टाकाऊ ठरत नाही, एवढं धरून ठेवलं की काम चालू राहतं.

मग आकडे काय सांगतात? ते आम्ही शांतपणे बघितलं. इन्स्टाग्राम रील आधी थोड्या लोकांना दाखवतं. ते किती वेळ थांबले, त्यांना आवडलं का, त्यांनी ते पुढे कुणाला पाठवलं का, यावरून आणखी लोकांना दाखवायचं की नाही ते ठरतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनीच हे तीन निकष महत्त्वाचे म्हणून सांगितले आहेत. यात गळ्याची परीक्षा कुठेच नाही. तिच्या हमीरच्या रीलचा आलेख उघडला तर पाचव्या सेकंदालाच घसरण. तोवर ती स्वतःची ओळख, गुरूंचं नाव, रागाचं नाव सांगत होती. गाणं सुरूच झालं नव्हतं. हा दोष आवाजाचा नव्हता, मांडणीचा होता आणि एका दुपारीत दुरुस्त होण्यासारखा होता. ते पाहून ती हसली.

त्याच भेटीत मी तिला आलेले निरोप वाचून दाखवायला सांगितले. लाखाच्या रीलखाली बदाम आणि टाळ्या, बाकी काही नाही. हमीरखाली एकाने लिहिलं होतं, "दीदी, ये तान एक बार धीरे-धीरे बता दीजिए।" विदर्भातल्या एका आजींनी लांबलचक मराठीत लिहिलं होतं, की ही चीज, म्हणजे बंदिश, त्या लग्नाआधी शिकल्या होत्या, अंतरा विसरल्या, तेवढा म्हणून दाखवशील का बाळ. दोघांनाही उत्तर गेलेलं नव्हतं.

"का गं?"

"वेळच झाला नाही..." ती बोलता बोलता थांबली. "बघण्यातच गेला वेळ, ताई. किती आले ते बघण्यात."

त्याच संध्याकाळी तिने आजींना अंतरा गाऊन पाठवला. दुसऱ्या दिवशी तान सावकाश, एकेक सूर सुटा करून, मोबाइल उशीला टेकवून रेकॉर्ड केली. ‘धीमी तान’ या नावाने ती आता दर आठवड्याला एक टाकते. बघणारे अचानक वाढले नाहीत. पण थांबणारे वाढले, विचारणारे वाढले, आणि त्यातल्या काही जणांनी ‘ऑनलाइन शिकवशील का?’ म्हणून विचारलं. प्रभाव म्हणतात तो मला इथे दिसतो. आपलं पाहून कुणी सकाळी तानपुरा काढला, तर तो प्रभाव.

ज्यांना हीच चिंता आहे त्यांनी पोस्ट टाकल्यावर तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. तो पहिला तासच सगळ्यात जास्त ओढतो. आकडे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वही घेऊन बघावेत आणि प्रश्न एकच ठेवावा: लोक कुठे थांबले, कुठे निघून गेले? लाइक्सचा आकडा लपवायची सोय इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच दिली आहे, ती जरूर वापरावी. फॉलोअर्स विकत घेऊ नयेत. ते बघत नाहीत, थांबत नाहीत, त्यामुळे पुढच्या प्रत्येक पोस्टचं नुकसान होतं. कमाईचं गणितही आधीच माहीत असू द्या: यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. म्हणजे मधला काळ घर चालायला दुसरं काही हवं. मृण्मयी शाळेत संगीत शिकवते, ती नोकरी सोडू नकोस असं मी तिला स्पष्ट सांगितलं. पैसे घेऊन एखाद्या वस्तूबद्दल बोललात तर ती जाहिरात असल्याचं लिहा. २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेचे तसे नियम आहेत, आणि नियम नसते तरी ऐकणाऱ्यांचा विश्वास तुमच्याच हातात असतो.

घरच्यांसाठीही सांगायचं आहे. मृण्मयीच्या आईंना मी एकच गोष्ट पाळायला सांगितली: ‘किती झाले?’ विचारायचं नाही. त्याऐवजी ‘आज काय गायलीस?’ विचारा. त्यांना ते सुरुवातीला जड गेलं, कारण नातेवाईकही आकडाच विचारतात. ‘फोनवर नाचून काय मिळणार’ असं घरातून रोज ऐकणारी मुलं मात्र आणखी फोनकडेच जातात, हे मी वारंवार बघते. कौतुक नको असेल तर नका करू, पण त्यांचं काम एकदा पुरतं बघा.

आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर हा प्रश्न आता रील्सचा राहिलेला नाही. जवळच्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन करायला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीतही बोलता येतं.