अण्णांच्या नावाने चषक ठेवावा का?

आपल्या सांगलीच्या मोटरसायकल रेसिंग क्लबचे अध्यक्ष अण्णा गेल्यानंतर सभासद झालेल्या एका तरुणाने दोन गोष्टी विचारल्या आहेत: ज्यांच्या नावावर एकही मोठे विजेतेपद नाही, त्यांच्याविषयी जुने रायडर इतक्या आदराने का बोलतात, आणि त्यांच्या स्मरणार्थ चषक ठेवावा का. मी अण्णांच्या हाताखाली तयार झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या उमेदीच्या काळात डर्ट ट्रॅकवर यामाहा आरएक्स १०० चा बोलबाला होता. ९८ सीसीचे ते टू-स्ट्रोक इंजिन चपळ खरे, पण १९९६ मध्ये गाडीचे उत्पादन थांबले आणि चांगले सुटे भाग मिळणे अवघड होत गेले. मिरज-कुपवाडकडची गॅरेजमध्ये किंवा लेथवर काम करणारी मुले जिद्दीने शर्यतीला यायची, मात्र एकदा पिस्टन जाम झाला की त्यांचा सारा हंगाम बुडायचा. अशा वेळी अण्णा नवे पिस्टन किट हातात ठेवत आणि 'क्लबकडून आहे' म्हणत. ते पैसे त्यांच्याच खिशातले असत, हे आम्हांला खजिनदारांकडून फार उशिरा कळले.

त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी विद्या कधी हातची राखून ठेवली नाही. कार्ब्युरेटरचे जेटिंग, म्हणजे हवेत किती पेट्रोल मिसळावे ते ठरवणाऱ्या बारीक छिद्राच्या जेटची अचूक निवड, अनेक मेकॅनिक गुपितासारखी जपतात. अण्णा मात्र पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करायला लावत आणि स्पार्क प्लग काढून उन्हात धरत. टोकाची चिनीमाती फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढरीफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे व पिस्टन केव्हाही आवळेल, हे ते दुसऱ्या क्लबच्या मुलांनाही तितक्याच आपुलकीने समजावून सांगत. थंडीतल्या पहाटे हवा जड असते, म्हणून मेन जेट थोडा मोठा लागतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे सूट नव्हती. पुढे धोका असल्याचा पिवळा झेंडा हलत असताना ओव्हरटेक केले म्हणून त्यांनी सख्ख्या पुतण्याला बाद केले होते. पडल्यावर हेल्मेटला जोराचा मार बसला असेल, तर बाहेरून ते कितीही धड दिसो, अण्णा त्याचा पट्टा कात्रीने कापून टाकत, कारण आतला थर्माकोलचा थर एकदा दबला की पुढचा धक्का झेलत नाही. एका मुलाने उसनवारी करून घेतलेले हेल्मेट असे बाद झाले, तेव्हा त्याला रडू आवरेना. पुढच्या रविवारी त्याच्या मापाचे नवे हेल्मेट त्याच्या गाडीच्या हँडलला अडकवलेले होते. कोणी आणले, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.

चषकाला माझा विरोध नाही. मात्र त्यासाठी वर्गणी जमणारच असेल, तर तिचा मोठा वाटा क्लबच्या सामानाच्या खोलीवर खर्च व्हावा, असे मला मनापासून वाटते. तिथली हेल्मेट आणि चेस्ट गार्ड जुनी झाली आहेत, आणि आता सरावाला येऊ लागलेल्या शाळकरी मुलांच्या मापाचे तर तिथे काहीच नाही. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा विषय तुम्ही मांडा. अनुमोदन मी देईन.