लेयर आधी, रेघ नंतर

ऑटोकॅड (संगणकावर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) नुकतंच शिकतोयस, तर एक सवय आत्ताच लावून घे: भिंती, दारं-खिडक्या, फर्निचर, मापं, मजकूर, प्रत्येकाला स्वतःचा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा वेगळा थर. रंग, रेघेचा प्रकार आणि जाडी लेयरलाच दे. वस्तूवर ते सगळं 'बायलेयर'च (म्हणजे लेयरचं असेल तेच) राहू दे. एकेका रेघेला हाताने रंग दिलास, तर पुढे लेयरचा रंग बदलूनही तिचा रंग बदलणार नाही, आणि अशा रेघा शोधत बसणं फार जिवावर येतं.

लेयर ० वर थेट ड्रॉइंग करू नकोस. तो ब्लॉक (एकत्र बांधून पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र, जसं दार किंवा खुर्ची) बनवण्यासाठी ठेव. त्यावर बायलेयर ठेवून बनवलेला ब्लॉक ज्या लेयरवर टाकशील, त्याचेच गुण घेतो.

'डेफपॉइंट्स' हा मापं टाकली की ऑटोकॅड आपोआप बनवतो तो लेयर; तो प्रिंट होत नाही. प्रिंटमधून एखादी भिंत गायब झाली, तर आधी तिथे बघ.

लेयर लपवायच्या ऑफ आणि फ्रीझ या दोन पद्धतींत मात्र गल्लत करू नकोस. ऑफ केलेला लेयर दिसत नाही, पण इरेझ (पुसायची कमांड) देऊन 'ऑल', म्हणजे सगळं, निवडलंस की त्यावरचंही पुसलं जातं. माझा एक अख्खा इलेक्ट्रिकल लेआउट असाच गेला होता. फ्रीझ किंवा लॉक (दिसतो, पण बदलता येत नाही असा) केलेल्या लेयरवरचं वाचतं.