वस्तादांच्या कपातली साखर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तात्यांना एकट्यालाच दिसणारे, त्यांच्याशी बोलणारे ते वस्ताद खरंच कुणी होते का, हे विचारत तू गंगावेस तालमीपासून मोतीबागेपर्यंत हिंडलास, हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. असा माणूस कुठंच नव्हता म्हणतोस. बरं, नव्हता. पण हे पुराव्यासकट तात्यांना ऐकवायचं मनात असेल, तर सोडून दे. वस्ताद काही त्यानं उठून जायचे नाहीत, तात्या मात्र तुझ्याशी बोलायचे बंद होतील.

मला दुसरीच गोष्ट जास्त खटकली. काकू हल्ली "वस्ताद म्हणालेत, गोळी घ्या" असं सांगून काम साधतात. हे थांबवा. उद्या वस्तादच "गोळी नको" म्हणाले, तर काय करणार? चहाचंच बघ. तात्यांचा कप बिनसाखरेचा, वस्तादांच्या कपात दोन चमचे, आणि निवला की तोही तात्याच संपवतात! (पैलवान म्हातारा झाला तरी डाव विसरत नाही.) तोंडावर सांग, "तात्या, दोन्ही कप तुमच्याच पोटात जातात, दोन्ही बिनसाखरेचे." वस्ताद रुसले तर रुसू देत.

"मला ते दिसत नाहीत, पण काय म्हणतात ते सांगा," असं मात्र खुशाल विचार. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेत कुस्त्या लागल्या की तात्या शेजारची जागा धरून ठेवतात ना? तू त्यांच्या दुसऱ्या बाजूला बस.

गल्ली अंगारे-धुपारे सुचवणारच, तिकडं लक्ष देऊ नको. पण वस्ताद धमकावू लागले, जेवू नको म्हणाले, जिवाचं काही बोलले, किंवा तात्यांना एक-दोन दिवसांत एकदम वेळ-काळ कळेनासा झाला, तर थांबू नको, लगेच डॉक्टर गाठ. उतारवयात लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, एखादी नवी गोळी, यांनीही असा गोंधळ उडतो आणि उपचारानं निवळतो. नजर फार अधू झाली तरी नसलेली माणसं दिसतात, तेव्हा डोळेही तपासून घे. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

राहता राहिला रविवारचा कार्यक्रम. पाहुणे येतील तेव्हा तात्यांना आतल्या खोलीत कोंडू नका. मुलीच्या वडिलांना आधीच फोन करून सगळं सांग. कोल्हापूर आहे, त्यांच्या कानावर एव्हाना गेलंच असेल.

तुझे सर