कट्टा हिंदी नाही, ताई. तो शेजारच्या घरातला आहे

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीनं पार्किंगशेजारच्या मोकळ्या जागेवर पत्र्याची शेड टाकली आणि खाली शहाबादी फरशी लावून बसायची सोय केली. संध्याकाळी म्हातारी माणसं, बायका, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी यावं, बसावं, बोलावं, एवढाच हेतू. पण नावावरून तीन बैठका झाल्या. काहींना 'संवाद कट्टा' हवंय. कमिटीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणतात, कट्टा हा हिंदी शब्द, त्याचा अर्थ गावठी पिस्तूल, मराठी फलकावर तो शोभत नाही. 'विचारमंथन केंद्र' ठेवा. पोरं 'गप्पांचा अड्डा' म्हणून हटून बसली आहेत. ताई विचारतात, कट्टा खरंच हिंदी आहे का, आणि यातलं बरोबर नाव कुठलं?

कट्ट्याकडे येतोच. आधी 'संवाद'ला बाजूला करू द्या, कारण या शब्दाची जी दशा झाली आहे ती मला रोज सकाळी पेपर उघडला की बघावी लागते. 'साहेबांनी कार्यकर्त्यांशी संवाद साधला.' म्हणजे साहेब पाऊण तास बोलले आणि कार्यकर्ते पाऊण तास टाळ्या वाजवत होते. अहो, संवादाला दोन तोंडं लागतात! एक तोंड आणि चारशे कान असले तर त्याला भाषण म्हणतात, आणि 'भाषण' हा काही वाईट शब्द नाही. मागं मलाच एका वाचनालयानं 'वाचकांशी संवाद' म्हणून बोलावलं होतं. मी विचारलं, वाचक कुठं बसणार? म्हणाले, समोर, प्रश्न असले तर चिठ्ठीवर लिहून देतील, वेळ उरला तर घेऊ. वेळ उरला नाही. चिठ्ठ्या तशाच टेबलावर राहिल्या आणि त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

'विचारमंथन'बद्दल एवढंच सांगतो, की समुद्रमंथनात अमृताच्या आधी हलाहल वर आलं होतं. कमिटीला ते चालणार असेल तर खुशाल ठेवा.

'अड्डा' बिचारा बदनाम आहे. आपल्याकडे जुगाराचा असतो, दारूचा असतो, फार तर टांग्यांचा असायचा. बंगाल्यांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलंय, तिकडे अड्डा म्हणजे रंगलेल्या गप्पा. हिंदीत पक्ष्याच्या बसायच्या दांडीला अड्डा म्हणतात, आणि जरदोजीवाले कापड ताणून ज्या चौकटीवर बसतात तिलाही. जिथं येऊन टेकायचं ती जागा, इतका तो साधा शब्द आहे. पण पोलीस धाड घालतात तीही अड्ड्यावरच, तेव्हा सोसायटीच्या फलकावर मी तो लिहिणार नाही.

आता कट्टा. मराठीत आज तीन कट्टे फिरतात. पहिला गृहस्थांचा, कमरेला खोचायचा. तो हिंदीतूनच आला, मान्य. 'कट्ट्यावर बसलेल्या तरुणाकडून कट्टा जप्त' अशी बातमीही लिहिता येईल. दुसरा मार्केट यार्डातला, कांद्याचा किंवा सिमेंटचा, हमाल पाठीवर घेतो तो. तिसरा आपला, बसायचा. तिन्हींचा उच्चार एक म्हणून तिन्हींचं कूळ एक, असं धरून चालणाऱ्या माणसानं 'कर' भरताना हात पुढे करावा.

बसायच्या कट्ट्याबद्दल मागं एका व्याख्यात्यांनी इथंच येऊन ठणकावून सांगितलं होतं, की तो संस्कृत 'काष्ठ'पासून आला. काष्ठ, कट्ठ, कट्टा. लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या रांगेत होतो. (चिठ्ठी पाठवली नाही. कपाचा अनुभव होता.)

काष्ठाचं प्राकृतात 'कट्ठ' झालं, इथवर ठीक. पण मराठीची एक खोड आहे. प्राकृतातलं जोडाक्षर ती सोडवते आणि मोबदल्यात आधीचा स्वर लांबवते. हत्थचा हात, सत्तचे सात, कम्मचं काम, अज्जचं आज. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं शंभर वर्षांपूर्वी हे सगळं मांडून ठेवलंय. या वाटेनं कट्ठचं काय व्हायला हवं? काठ. आणि झालंच आहे की! काठी कुठून आली मग? जोडाक्षर दिमाखात सांभाळून बसलेला शब्द दिसला, की तो घरात जन्मलेला नसून पाहुणा आहे अशी शंका घ्यावी. 'पट्ट'चा आपल्याकडे जेवायला बसायचा पाट झाला; 'पट्टा' मागाहून बाहेरून आला. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या वाटेनं जाणाऱ्यांना प्रत्येक शब्द संस्कृताच्या दारात नेऊन बांधायचा असतो. भाषेचे अभ्यासक विश्वनाथ खैरे प्रत्येकाला तमिळकडे नेतात, आणि मीही त्यांच्याबरोबर चालता चालता मध्येच धापा टाकत थांबतो. पण सोलापुरात बसून कट्ट्यासाठी काशीलाही जायला नको आणि मदुराईलाही. अक्कलकोट रोडच्या एसटीत बसा. पुढच्या सीटवरच्या आजीबाई सांगतील.

कन्नडमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे. दोरीनं गाठ बांधणेही कट्टु आणि घर बांधणेही कट्टु, अगदी आपल्या 'बांधणे'सारखंच. इमारत म्हणजे 'कट्टड'. आणि झाडाभोवती किंवा घरापुढं दगडमातीचा बांधलेला चौथरा म्हणजे 'कट्टे'. पिंपळाच्या पाराला 'अरळीकट्टे' म्हणतात. 'हरटे' म्हणजे गप्पा, तेव्हा गप्पा जिथं चालतात ते 'हरटेकट्टे'. तेलुगूतही 'कट्टु' आहेच. शिवाय तिकडच्या गावातल्या झाडाखालच्या बैठकीच्या दगडाला 'रच्चबंडा' असा सुरेख शब्द आहे, तो आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर आजोबांकडून ऐकावा.

हीच क्रिया गोष्टीलाही लागते. 'कथे कट्टोदु' म्हणजे गोष्ट रचणे, पदरची बांधणे. पैजही कन्नडमध्ये 'कट्टतात'. आता तुमच्या शेडमध्ये आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी काय चालेल ते डोळ्यांसमोर आणा. बांधलेल्या जागेवर बसून बांधलेल्या गोष्टी आणि बांधलेल्या पैजा. एका धातूत सगळी संध्याकाळ!

दादरकरांना कट्टा शिवाजी पार्कात जन्मला असं वाटतं, त्यांच्यासाठी एक गंमत. तमिळमध्येही 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे 'कट्टुमरम', आणि इंग्रजांनी त्याचं केलं कॅटमरान. म्हणजे गेटवेवरून मांडव्याला कॅटमरानमध्ये बसून जाणारा मुंबईकर तासभर कट्ट्याच्या चुलतभावावरच बसलेला असतो, आणि बहुधा गप्पाच मारत असतो.

हा शब्द आपल्याकडे केव्हा आला असेल? माझा एक अंदाज आहे, मित्रमंडळी त्याला खूळ म्हणतात. कन्नडमधलं 'तुप्प' आपल्याकडे आलं आणि नियमाप्रमाणे त्याचं 'तूप' झालं. म्हणजे ते मराठीची ती खोड चालू असतानाच आलं. कट्ट्याचा 'काटा' झाला नाही. तेव्हा तूप आधी आलं आणि कट्टा मागून. आधी जेवण, मग गप्पा, क्रमही बरोबर.

पण खरी मौज पुढंच आहे. 'कट्टे'चा कन्नडमध्ये आणखी एक अर्थ आहे, बंधारा. 'केरे-कट्टे' असा जोडशब्द तिकडे एका दमात बोलतात, तळी आणि बांध. आता सोलापूरच्या माणसाला तळं म्हटलं की काय आठवेल? सिद्धेश्वर. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवण्णांचे समकालीन, गावाचं नाव तेव्हा सोन्नलिगे. वचनकार, म्हणजे कन्नड वचनं रचणारे, म्हणून मोठे, पण त्याआधी तळी खोदणारे आणि बांध घालणारे. परंपरा सांगते, की त्याच काळातले संत अल्लमप्रभू इथं आले आणि 'कुठं आहे तुमचा तो माती-दगडवाला राम?' असं टोचून विचारलं. चिडलेल्या कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड भिरकावले. मग दोघं समोरासमोर आले, बोलणं झालं, आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (मुंबईजवळच्या नव्हे, आजच्या बसवकल्याणला) गेले, अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चेच्या सभेत. तिथं कोण बसत होतं? कपडे धुणारे माचय्या, नाव वल्हवणारे चौडय्या, अक्कमहादेवी. ज्याला जे कळलं ते त्यानं बोलायचं, दुसऱ्यानं त्याला अडवायचं, आणि कुणी कुणाला 'तुझी पायरी काय' असं विचारायचं नाही. चिठ्ठीवर तर नाहीच.

म्हणून माझं म्हणणं असं, की सोलापुरात 'केरे'चा 'कट्टे' आणि 'हरटे'चा 'कट्टे' यांची भेट ठरलेलीच होती. व्युत्पत्तीचे अभ्यासक हसतील, हसू देत. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठच्या दगडी कठड्यावर जाऊन बसा. खाली पाणी अडवलेलं, वर माणसं बसलेली. त्या दगडाला कट्टा म्हणताना कुठला अर्थ घ्यायचा ते सांगा मला.

आमच्या घराजवळचा कट्टा एवढा देखणा नाही. चहाच्या टपरीशेजारी तीन फरशा, मधलीला तडा गेलेला. एप्रिलात सूर्य बुडाल्यावरही त्या तव्यासारख्या तापलेल्या असतात. म्हणून टपरीवाला साडेसातला एक बादली पाणी ओततो. चर्र होतं, वाफ येते, मातकट वास सुटतो, आणि मग आम्ही बसतो. पलीकडच्या गल्लीतले यंत्रमागावर काम करणारे दोघं येतात. दिवसभर खटखटीत काढलेला, त्यामुळं 'मीठ कमी होतं आज' हेसुद्धा ते चौकाला ऐकू जाईल असं सांगतात. एक काका 'बर्री, कुंद्री', म्हणजे 'या, बसा', म्हणून जागा करून देतात. दुसरा आल्या आल्या 'काय बे, कालचं आज पुन्हा काढू नको' म्हणतो आणि स्वतःच कालचं काढतो. पाणी किती दिवसांनी आलं, कुणाच्या पोरीला पुण्यात नोकरी लागली, भारतानं टॉस जिंकून काय घ्यायला हवं होतं. मध्येच कुणी असं काही बोलून जातो, की सगळे क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी अर्धा चहा सांगतो.

जुन्या न्यायशास्त्रात, कोर्टाच्या नव्हे, तर्काच्या, बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडतात ती वितंडा. आमच्या कट्ट्यावर तिन्ही होतात, बहुतेकदा याच क्रमानं. या 'जल्प'वरून 'गप्पा' आल्या असं सांगणारेही भेटतात. त्यांना पुन्हा तेच विचारतो, 'ज'चा 'ग' कुणी केला, आणि जोडाक्षर कुठल्या नियमानं टिकलं? गप ही फारसीतली. सरळ आहे, पण सरळ गोष्टीवर व्याख्यान देता येत नाही ना!

आणि जाता जाता, 'गप्पा करणे' म्हणू नका. गप्पा मारतात, हाणतात, ठोकतात, छाटतात, झोडतात, चकाट्या पिटतात, तोंडाची टकळी चालवतात, लांबलं की चऱ्हाट वळतात. एकही क्रियापद सौम्य नाही. टकळी सूत काढायची, चऱ्हाट दोराचं, आणि 'कट्टु' गाठ बांधायचं. सूतगिरण्यांच्या गावात हे तिन्ही शब्द एका फरशीवर येऊन बसले, याचा मला काय आनंद होतो ते आमच्या घरच्यांना विचारा. त्यांना रोज ऐकावं लागतं.

हां, ताई, तुम्ही नावाचं विचारलं होतंत. 'संवाद' काढून टाका, नुसतं 'कट्टा' लिहा. गृहस्थांना सांगा, शब्द कन्नड आहे, पिस्तुलाशी त्याचा संबंध नाही. आणि तरीही ऐकत नसतील तर त्यांना पहिल्या दिवशी मधल्या जागेवर बसवा. पेंटरला मजकूर फोनवर सांगितला तरी चालेल. एकही वेलांटी नाही, एकही उकार नाही, चुकायला जागाच नाही.