थडग्यावरची बुरशी

प्रश्न : ताई, फोनवर ‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’ पूर्ण केला. लढाया सगळ्या जिंकलो, पण त्यातल्या डायसडार्ग या कारस्थानी सरदाराला नेमकं काय हवं होतं ते कळलंच नाही. मला राजा व्हायचंय असं तो एकदाही म्हणत नाही. मग बाप मारला, मालक मारला, तो कशासाठी? माझा मित्र म्हणतो, शेवटी तो राक्षस होतो, म्हणजे सगळं त्या राक्षसानेच करवलं. मला हे पटत नाही.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तुला पटत नाही ते बरोबरच आहे. मित्राला एवढंच विचार, की तो मंतरलेला मकर राशीचा दगड डायसडार्गच्या हातात केव्हा येतो? कथा संपत आल्यावर. आणि बापाला विष केव्हा दिलं? खेळातलं युद्ध सुरू व्हायच्याही आधी. मधली सगळी वर्षं तो माणूसच होता. जे केलं ते शुद्धीत, कागद-शाई घेऊन, शांत डोक्याने केलं. दगडाने त्याला फक्त शिंगं दिली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यासुमी मात्सुनो यांनी 1997 साली प्लेस्टेशनसाठी केलेला हा पटावरचा युद्धखेळ. 2007 मध्ये तो नव्या भाषांतरासह पीएसपीवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या प्लेस्टेशनवर आला, पुढे फोनवर आला आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा नव्याने निघाला. मला तो मिळाला 2008 च्या पावसाळ्यात. माझा मामेभाऊ बोटीवर होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने आपलं पीएसपी माझ्याकडे ठेवलं आणि मी देवगडच्या घरी ओटीवर बसून ते बॅटरी संपेपर्यंत खेळायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवायचा असे, आणि डोक्यात इव्हालिसचं राज्य फिरत असे.

त्या राज्यात पन्नास वर्षांचं युद्ध हरून झालं आहे. राजा ओंडोरिया मरतो, गादीचा वारस ओरिनस अजून तान्हा. त्याची आई लूवेरिया ही ड्यूक लार्गची बहीण. म्हणजे राजपुत्र लहान असेपर्यंत कारभार मामाच्या हातात. ते नको असणारे सरदार राजकन्या ओव्हेलियाला पुढे करतात आणि ड्यूक गोल्टानाच्या मागे उभे राहतात. पांढरा सिंह विरुद्ध काळा सिंह. डायसडार्ग बेओल्व्ह हा लार्गचा मसलतगार, आणि राज्यातल्या सर्वांत मानाच्या लढवय्या घराण्यातला थोरला मुलगा.

आता त्याच्या मसलती बघ. गोल्टानाच्या माणसांच्या वेशात कोणीतरी मठातून ओव्हेलियाला पळवायचं, पुढे तिला ठार करायचं आणि खापर गोल्टानावर फोडायचं, हा बेत त्याचा. झायरकेल धबधब्यावर गॅफगॅरियन हा भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या अचानक तलवार फिरवतो तो या बेताचाच भाग. त्याच्याही आधी, पहिल्या अध्यायात, मार्क्विस एल्मडोर या सरदाराला पळवण्यामागे याचाच हात होता. ज्या बंडखोरांना मारायला तो धाकट्या भावाला, म्हणजे खेळाचा नायक रामझाला पाठवतो, त्यांच्यातल्याच एकाशी त्याचा आतून सौदा झालेला. रामझा बिचारा प्रामाणिकपणे मार्क्विसला सोडवतो आणि थोरल्या भावाचा डाव नकळत उधळून लावतो. पहिल्यांदा खेळताना मला वाटलं होतं, छान, दादा खूश होईल!

या प्रत्येक डावात फायदा वरवर लार्गचा दिसतो. डायसडार्ग कायम कोणाच्या तरी वतीने बोलतो. लार्गच्या वतीने, राज्याच्या वतीने, सगळ्यात जास्त घराण्याच्या वतीने. ‘मला’ हा शब्द त्याच्या तोंडी येतच नाही, म्हणून त्याला काय हवंय ते तुला ऐकू आलं नाही. त्याला काय हवं होतं ते त्याच्या बोलण्यात शोधू नकोस, कोण कोण वाटेतून दूर झालं त्याची यादी कर. बाप गेला, घराणं याच्या हाती आलं. बेसेलाटच्या लढाईत विषाने गलितगात्र झालेल्या लार्गला याने स्वतः भोसकलं, उत्तरेची सगळी सत्ता याच्या हाती आली. उरला तो तान्हा राजपुत्र. बाळाच्या नावाने हुकूम सोडणाऱ्या माणसाला मुकुटाची गरज काय? माझं मत असं, की त्याला राजा व्हायचंच नव्हतं. ज्याच्या शब्दाशिवाय राजाला पाऊल उचलता येणार नाही, असा माणूस त्याला व्हायचं होतं.

असा माणूस मी खेळात भेटायच्या आधी पाहिला होता. आमच्या वाडीत एक चौसोपी घर आहे. सामायिक सात-बारा, जुनी कलमं, शिमग्यात पालखीचा मान. तिथले थोरले गृहस्थ प्रत्येक गोष्ट ‘घराण्यासाठी’ करायचे. धाकट्यांच्या सह्या घराण्यासाठी, बहिणींची हक्कसोड घराण्यासाठी, कोर्टातला दावाही घराण्यासाठीच. एकेक भाऊ मुंबईला निघून गेला आणि परत आला नाही. माझी आजी त्या घरावरून जाताना म्हणायची, “घराचा नाव आसा, पण घरात कोण नाय.” तिथे कोणी कोणाला विष दिलं नाही. पण डायसडार्ग बोलायला लागला, की मला त्याच घराच्या बंद खिडक्या दिसायच्या.

उलट रामझा बघ. दुसऱ्या आईचा मुलगा, आई सामान्य घरातली. तो बेओल्व्ह हे आडनाव टाकून आईचं लावतो, भाडोत्री सैनिक होतो, आणि त्या आडनावाला शोभेल असं वागणारा तोच शेवटपर्यंत उरतो.

विजयदुर्ग आमच्याकडून फार लांब नाही. दर वर्षी मुलांना तिथे घेऊन जाते तेव्हा आंग्र्यांची गोष्ट सांगते. कान्होजी 1729 मध्ये गेले, सेखोजी 1733 मध्ये. मग संभाजी आणि मानाजी यांचं पटेना, 1735 मध्ये बाजीरावांनी मध्ये पडून आरमाराची दौलत दोघांत वाटली, मानाजी कुलाब्याला आणि संभाजी सुवर्णदुर्गाला. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रज दर्यासारंग वॉटसनची जहाजं विजयदुर्गाखाली आली आणि संभाजींनंतर आलेला त्यांचा भाऊ तुळाजी, त्याचं आरमार जळालं. तेव्हा इंग्रजांच्या बाजूला पेशव्यांचं सैन्य होतं. आंग्र्यांमध्ये डायसडार्ग कोणी नव्हता, उगाच जुळवणार नाही. पण आतल्या भांडणात बाहेरचा कसा शिरतो, ते या किल्ल्यावर उभं राहिलं की मुलांना लगेच कळतं. बेओल्व्हांकडेही तेच होतं. डायसडार्गला वाटतं आपण धर्मपीठाला वापरतोय. धर्मपीठाची माणसं त्याच्या हातात दगड ठेवतात, आणि त्याला जिवंतपणी जे मिळालं नाही ते त्याच्या प्रेतावर चढून बसणाऱ्या राक्षसाला मिळतं.

आता बुरशीबद्दल. तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणजे तो प्रसंग तू बटण दाबत पुढे नेलास असं वाटतं. बापाला दिलेलं विष मॉसफंगस नावाच्या बुरशीचं होतं. त्या विषाने मेलेल्याच्या थडग्यावर तीच बुरशी उगवते. झालबागला, म्हणजे मधल्या भावाला, ती वडिलांच्या थडग्यावर सापडते. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर रानात अळंबी उगवते, रात्रीत कातळाच्या कडेने पांढरी होते. लहानपणी आम्ही ती काढायला जायचो आणि कोणती हात लावायची नाही हे आजी आधी बजावायची. म्हणून असेल, त्या प्रसंगाने माझ्या अंगावर काटा आला. इतक्या हुशार माणसाने सगळे साक्षीदार सांभाळले, आणि साक्ष मातीने दिली.

झालबागचं मला सर्वांत वाईट वाटतं. आयुष्यभर दादावर विश्वास ठेवून लढला, दादाचं ऐकून रामझाला दूर केलं. ईग्रोझ किल्ल्यात तो डायसडार्गसमोर तलवार उपसून उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे जिंकण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

पुन्हा खेळशील ना? मग बापाच्या, म्हणजे बार्बानेथच्या मृत्युशय्येचा प्रसंग घाई न करता बघ. रामझा धावत येतो, म्हातारा त्याला घराण्याचं नाव राखायला सांगतो, बहीण आल्मा रडते. आणि डायसडार्ग त्याच खोलीत पलंगापाशी उभा असतो. पहिल्या खेपेला तो मला दुःखी मुलगा वाटला होता.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा याच खेळात रिओव्हानेस किल्ल्यात अडकलाय. तीन दिवस जेवताना बोलत नाही. मला यातलं काही कळत नाही. त्याला काय सांगू?
– एक आई, वेंगुर्ला

उत्तर : त्याच्याजवळ बसून आधी एवढंच विचारा, की सेव्ह किती ठिकाणी केलंयस? तिथे लढाया एकामागून एक येतात. मध्ये सेव्ह करता येतं, पण बाहेर पडून सैन्य तयार करता येत नाही. एकाच जागी सेव्ह केलं असेल तर तो खरंच कोंडला गेलाय, आणि हा त्याचा आळस किंवा मूर्खपणा नाही. भले भले तिथे अडकले आहेत, मीही अडकले होते.

वाट आहे. खेळाचा नायक रामझा एकटा वीग्राफ नावाच्या शत्रूसमोर उभा असतो. लगेच भिडायचं नाही. लांब पळत राहून ‘टेलविंड’ स्वतःवर पुन्हा पुन्हा वापरायचं, दर वेळी वेग एकाने वाढतो. एका पाळीत वीग्राफला एक आणि आपल्याला दोन-तीन खेळ्या मिळायला लागल्या की ‘फोकस’ने ताकद वाढवायची आणि मगच वार करायचा. तो पडला की राक्षस होऊन उठेल, पण तेव्हा रामझाचे साथीदारही आलेले असतील. जिंकल्यावर पुढचं सेव्ह वेगळ्या जागी करायला सांगा.